बिघडलेले केशरोपण : ते परतवता येते काय ?

हा विषय व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापून आला तेव्हा पुष्कळांना हसू आले असल्यास आम्हांला नवल वाटणार नाही. टक्कल ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या थट्टेची वस्तू होऊन बसली आहे. टक्कल पडलेल्या गृहस्थाने स्वतःच त्यावर एखादी कोटी करावी आणि दुसऱ्यांना तशी संधीच ठेवू नये, असा एक शहाणपणाचा रिवाजही पडून गेला आहे. तेव्हा टक्कल झाकण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणारा माणूस, आणि ती फसल्यामुळे दुप्पट दुःखी झालेला माणूस, यांच्याविषयी तासभर बोलावयाचे म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा, असे कोणी म्हणाल्यास त्याला एकदम खोडून काढणे कठीण. परंतु दवाखान्याच्या दाराआड ही माणसे ज्या चेहऱ्याने बसतात तो चेहरा एकदा पाहिला म्हणजे थट्टेचा सूर आपोआप उतरतो.

काही वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका दुपारी पंचवीसेक वर्षांचा एक तरुण आमच्याकडे आला. डोक्याला लोकरी टोपी होती. ती काढावयाला त्याला पंधरा मिनिटे लागली. भुवयांच्या वर जेमतेम तीन बोटांवर, आखणीपट्टीने ओढल्यासारखी केसांची एक सरळ ओळ. तिच्यातले काही केस समोर, काही आभाळाकडे, काही डावीकडे तोंड करून उभे. आणि मागे, जेथून ते काढले होते तेथे, कसर लागलेल्या शालीसारखा विरळ पडलेला पट्टा. शस्त्रक्रियेला अवघे पाच महिने झाले होते. तिचे हप्ते अजून फिटावयाचे होते. आणि त्याच्या मोबाइलवर दुसऱ्याच एका ठिकाणची जाहिरात होती. तेथे महिनाअखेरपर्यंत सवलतीच्या दरात ‘दुरुस्ती’ करून मिळणार होती. त्याने आम्हांला विचारले ते एकच : “डॉक्टर, हे सगळे काढून मला पूर्वी होतो तसा करता येईल का ?”

आजचे व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे. ते थोडक्यात सांगावयाचे तर असे, की पूर्वी होतो तसे तंतोतंत होता येत नाही. तथापि चारचौघांच्या डोळ्यांत भरणार नाही इतपत सुधारणा बहुतेकांच्या बाबतीत करता येते. मात्र पहिली चूक झाल्यावर घाईने दुसरी करावयाची नाही, ही तिची अट आहे. ही अट कोठून आली हे कळण्यासाठी केशरोपण म्हणजे काय, हे आधी पाहावयास हवे.

रोपण म्हटले की नवीन काही उगवणार असा समज होतो. वस्तुतः या शस्त्रक्रियेत एकही नवा केस निर्माण होत नाही. कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला भाताच्या लावणीचे उदाहरण दिले म्हणजे ही गोष्ट चटकन कळते. तरव्यात वाढलेली रोपे उपटून खाचरात लावतात. खाचर हिरवे होते, तरवा मोकळा होतो. फरक इतकाच, की पुढच्या मृगात शेतकरी नवे बी टाकून पुन्हा तरवा करतो. डोक्यावरच्या तरव्यात दुसरे बी टाकता येत नाही. एकदा उपटलेले रोप दुसरीकडे जगले तर जगले, वाया गेले तर कायमचे गेले.

हा तरवा म्हणजे डोक्याची मागची बाजू आणि दोन्ही कानांवरचा पट्टा. पुरुषाचे टक्कल कितीही वाढले तरी तेथे केसांची एक झालर शिल्लक राहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. टक्कल, आनुवंशिकता आणि पुरुषी संप्रेरक यांचा संबंध अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिला. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले होते अशांना टक्कल पडत नव्हते. पण त्यांनाच ते संप्रेरक बाहेरून दिले, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. कपाळावरच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळे या संप्रेरकापुढे मान टाकतात. मागच्या बाजूची मुळे मात्र त्याला दाद देत नाहीत. आता मागचे मूळ पुढे नेऊन लावले तर ते पुढच्या मातीचा गुण घेईल की मागच्या जातीचा ? न्यू यॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ पासून हा प्रयोग केला आणि १९५९ साली तो प्रसिद्ध केला. मूळ आपली जात सोडत नाही, असे त्यांना दिसून आले. जपानात शोजी ओकुदा यांनी त्यापूर्वीच, १९३९ साली, भाजून केस गेलेल्या जागी केसांसकट त्वचेचे तुकडे लावल्याचे लिहून ठेवले होते. परंतु महायुद्धाच्या धामधुमीत ते लेखन बाहेरच्या जगाला कळले नाही.

ओरेंट्राइख यांच्या पद्धतीत त्वचेचे चार मिलिमीटर व्यासाचे गोल तुकडे काढून पुढे बसवीत. एकेका तुकड्यात दहापासून वीसपर्यंत केस. म्हणजे एकेक रोप न लावता मूठच्या मूठ रोवावी तसा हा प्रकार. केस उगवत, पण बाहुलीच्या डोक्यावर जसे पुंजके शिवलेले असतात तसे दिसत. तीसएक वर्षे जगभर हीच पद्धत चालली. पुढे १९८४ साली हेडिंग्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली असे दाखविले, की डोक्यावरचे केस सुटे उगवत नसून एक, दोन, तीन, क्वचित चार अशा छोट्या कुळांनी उगवतात. हे कूळ न फोडता जसेच्या तसे उचलून लावणे, हा आजच्या केशरोपणाचा पाया होय. या कुळालाच दवाखान्यात ‘ग्राफ्ट’ म्हणतात, आणि आपणही येथे तोच शब्द वापरू. ग्राफ्ट मिळविण्याच्या दोन रीती आहेत. मागच्या बाजूची त्वचेची एक लांबट पट्टी कापून तिचे सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफ्ट करावयाचे आणि जखम शिवून टाकावयाची, ही एक. सुमारे एक मिलिमीटर तोंडाच्या पोकळ सुईने एकेक ग्राफ्ट सुटा काढावयाचा, ही दुसरी; ‘एफ. यू. ई.’ या नावाने तिची जाहिरात आपण रोज पाहतो. पहिलीत मागे एक लांब रेघ उरते, दुसरीत जितके ग्राफ्ट काढले तितके पांढुरके ठिपके उरतात. ‘व्रण राहत नाही’ असे जे छापले जाते ते खरे नव्हे. व्रण राहतोच, तो दिसतो की नाही, एवढाच प्रश्न.

मग हे काम बिघडते कोठे ? अनुभवाने सांगावयाचे तर पाच ठिकाणी. पहिले, कपाळावरची ओळ. ती फार खाली, फार सरळ किंवा पुंजक्यापुंजक्यांची झाली की पाहणाऱ्याला कारण कळले नाही तरी काही तरी कृत्रिम आहे हे कळते. निसर्गाच्या ओळीत पुढे एकएकटे, बारीक केस असतात आणि ती किंचित वेडीवाकडी असते. दुसरे, केसांची दिशा. पुढचे केस त्वचेशी लहान कोन करून पुढे झुकलेले असतात. ते काटकोनात रोवले तर कोणताही भांग त्यांना वळवू शकत नाही. तिसरे, त्वचेचा पोत. ग्राफ्ट फार खोल बसविले तर खळगे पडतात, वर राहिले तर फरसबंदीसारखे उंचवटे येतात. चौथे, तरव्याची लूट. एका बैठकीत हावरेपणाने ग्राफ्ट काढले की मागचा भागच विरळ होतो. आणि पाचवे, सर्वांत दगाबाज कारण म्हणजे काळ. विशी-पंचविशीत केलेले रोपण त्या दिवशी सुंदर दिसते. पुढे मूळचे केस मागे सरत जातात, लावलेली ओळ मात्र जागच्या जागी राहते, आणि चाळिशीला डोक्यावर एक बेट उरते.

आता उपायांकडे वळू. उपायांतला पहिला उपाय म्हणजे काही न करणे. हे ऐकून आमच्याकडे आलेली बहुतेक मंडळी निराश होतात, परंतु त्याला इलाज नाही. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळून पडतात. मूळ आत शाबूत असते. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने शेजारचे मूळचे केसही कधी कधी गळतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे टोक वर येऊ लागते, आठव्या-नवव्या महिन्यात डोके भरलेले दिसते, आणि खरा निकाल वर्षाने कळतो. टाळूच्या भोवऱ्यावर दीड वर्षही लागते. सुरुवातीचे केस राठ आणि वाकडेतिकडे असतात, ते पुढे पुष्कळसे निवळतात. मागच्या बाजूचा विरळपणाही काही अंशी तात्पुरता असू शकतो. तेव्हा पाचव्या महिन्यात ‘बिघडले’ असे ठरविणे म्हणजे श्रावणातच पीक बुडाले म्हणून शेत नांगरून टाकण्यासारखे आहे. फक्त एका बाबतीत थांबावयाचे नाही. पू, ताप, वाढत जाणारी वेदना, किंवा त्वचा काळी पडत चालल्याचे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तो प्रश्न सौंदर्याचा नसून जखमेचा आहे.

या वाटेवर आणखी एक मोह असतो. नको असलेले केस चिमट्याने उपटून टाकण्याचा. त्याने फक्त केसाची काडी निघते. मूळ आतच राहते आणि काही आठवड्यांनी तेथेच नवा केस येतो. वारंवार उपटल्याने आग होते, फोड येतात, आणि पुढे ज्या मुळाचा आपल्याला उपयोग करून घ्यावयाचा आहे तेच दुबळे होते.

वर्ष उलटले, निकाल लागला, आणि तो खरोखरच असमाधानकारक आहे असे ठरले, म्हणजे तीन मार्ग समोर येतात : काढणे, झाकणे आणि भर घालणे. बहुतेकांना या तिहींचे थोडेथोडे मिश्रण लागते. अमेरिकेतील बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेवर दोन भागांत सविस्तर लेख लिहिला. केशरोपण करणे ही एक विद्या आणि बिघडलेले दुरुस्त करणे ही दुसरी, हे तेव्हापासून या व्यवसायात अधिक स्पष्टपणे ओळखले जाऊ लागले.

काढण्याच्या रीती चार. त्यांत सर्वांत हिताची म्हणजे ग्राफ्ट जिवंत काढून पुन्हा वापरणे. एफ. यू. ई. ची तीच पोकळ सुई यासाठी उलट्या बाजूने कामाला येते. जुन्या पद्धतीचा मोठा पुंजका असेल तर त्याचा बराचसा भाग गोल कापून काढतात, थोडे केस जागेवर ठेवतात, काढलेल्या तुकड्याचे सूक्ष्मदर्शकाखाली एकदोन केसांचे ग्राफ्ट करतात, आणि त्याच दिवशी ते योग्य जागी योग्य दिशेने लावतात. चोरीला गेलेल्या मालातला काही माल परत मिळावा तसे हे आहे. मात्र व्रणात रुतलेली मुळे काढताना काही तुटतात. सर्व परत मिळतील असे वचन कोणी देऊ नये आणि दिल्यास त्यावर विसंबू नये. शिवाय जेथून काढले तेथे बारीक फिकट ठिपका राहू शकतो, आणि आपल्या सावळ्या कांतीवर तो गोऱ्या माणसापेक्षा अधिक उठून दिसतो. म्हणून हे काम एकदम न करता दोनतीन बैठकींत, मध्ये काही महिन्यांचे अंतर ठेवून करतात.

दुसरी रीत म्हणजे संपूर्ण ओळच कापून काढणे. फार खाली आलेली, दाट आणि सरळ ओळ असेल तर ती पट्टी काढून त्वचा शिवतात; केस पुन्हा उपयोगी पडतात, पण कपाळावर शिवणीची रेघ उरते आणि ती झाकावयाला पुढे केस लावावे लागतात. निवडक माणसांतच ही रीत शोभते.

तिसरी रीत लेसरची. लेसरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि मूळ जळते. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जळालेले मूळ परत मिळत नाही. म्हणजे ज्याचा पुनर्वापर होऊ शकला असता ते धन आपण आपल्या हाताने जाळतो. आणि त्वचेतही तेच रंगद्रव्य असते. म्हणून सावळ्या त्वचेवर लेसर चुकीचा वापरला तर भाजते आणि डाग पडतात. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, ‘एनडी-याग’ नावाचा लेसर सावळ्या त्वचेला त्यातल्या त्यात सुरक्षित. एका वेळेत काम होत नाही. वाढीच्या अवस्थेत असलेलीच मुळे जळत असल्याने काही आठवड्यांच्या अंतराने अनेक खेपा घालाव्या लागतात. पांढऱ्या केसावर तर लेसर चालतच नाही.

चौथी रीत विद्युत्‌सुईची. एकेका केसाच्या वाटेने अतिशय बारीक सुई आत घालून विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने मूळ मारतात. ती कोणत्याही रंगाच्या केसावर चालते, परंतु फार संथ. एकाच केसाला दोनदोनतीनतीन वेळा सुई घालावी लागते, कारण व्रणातून आलेल्या मुळाची वाट वाकडी असते. पुढे शेपन्नास चुकार केस राहिले असतील तर ही रीत उत्तम. हजारदोन हजार केसांना नव्हे.

आता झाकणे आणि भर घालणे. लावलेली ओळ फारशी खाली नसेल, पण राठ किंवा पुंजक्यांची असेल, तर ती काढण्याऐवजी तिच्यापुढे एकएकट्या केसांचे ग्राफ्ट दोन-तीन पदरी, विखरून लावतात. गावाच्या वेशीवर आधी तुरळक झाडे लागतात आणि मग दाट आमराई, तसा नजरेला हळूहळू दाटपणा भेटला म्हणजे मागचे पुंजके लोपतात. पुष्कळ दुरुस्त्या एवढ्यानेच भागतात. अट अशी, की त्यासाठी मागे केस शिल्लक हवेत. नसतील तर दाढीचे केस घेता येतात. ते जाड आणि कुरळे असतात. म्हणून ते मध्यभागी डोक्याच्या केसांत मिसळून लावावेत, कपाळाच्या ओळीवर कदापि लावू नयेत. नाही तर एक दोष घालवून दुसरा विकत घेतल्यासारखे होते.

मागच्या व्रणाचा विचार वेगळा. पट्टी कापलेल्या जागी रेघ रुंदावली असेल आणि त्वचेत ढिलेपणा असेल तर ती पुन्हा कापून, एका कडेची वरची अगदी पातळ कड छाटून अशी शिवतात, की केस व्रणाच्या आतून वर यावेत. त्वचा ताणलेली असेल तर व्रणातच काही ग्राफ्ट लावतात. व्रण उंच आणि कडक झाला असेल तर त्यात स्टेरॉइडची इंजेक्शने उपयोगी पडतात. ज्यांच्या अंगावर व्रण दोरीसारखे फुगण्याची प्रवृत्ती आहे त्यांनी तर नवी कापाकापी करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. याशिवाय गोंदणाची एक रीत निघाली आहे. बारीक सुईने रंगाचे ठिपके गोंदून भादरलेल्या केसांचा भास निर्माण करतात. विरळ झालेला मागचा भाग आणि पांढरे ठिपके तिने चांगले झाकले जातात. परंतु रंग काही वर्षांत फिका पडतो, कधी छटा बदलतो, आणि चुकीचे गोंदण काढावयाला पुन्हा लेसरच लागतो. आजी गोंदवून घेत असे ती हौसेने. नातवाने गोंदवून घ्यावयाचे ते विचाराने.

औषधांविषयीही थोडे सांगावयास हवे. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते डोक्याला लावावयाच्या रूपात अमेरिकेत १९८८ साली मान्य झाले. फिनास्टेराइडच्या एक मिलिग्रॅमच्या गोळीला तेथे १९९७ साली मान्यता मिळाली. बिघडलेले रोपण ही औषधे सुधारीत नाहीत. परंतु मूळचे केस टिकविण्याचे काम ती पुष्कळांत करतात, आणि जे बेट उरण्याचे भय आम्ही वर सांगितले ते त्यामुळे लांबणीवर पडते. औषध बंद केले की लाभही काही महिन्यांत जातो. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांत कामेच्छा मंदावणे, मन उदास होणे असे त्रास होतात. म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने ते घेऊ नये. गरोदर स्त्रीने तर त्या गोळीचा चुरा हाताळूही नये.

येथपर्यंत आलो म्हणजे त्या तरुणाच्या प्रश्नाचे शेवटचे टोक उरते : सगळेच काढून टाकून डोके भादरून मोकळे व्हावे, हे का जमू नये ? पुष्कळांना केसच नको झालेले असतात. टक्कल पडलेल्या माणसाला वस्तरा फिरवून प्रतिष्ठेने हिंडण्याचा मार्ग नेहमीच खुला असतो, आणि आम्ही तर म्हणू की तो फार चांगला मार्ग आहे. परंतु ज्याने एकदा केशरोपण केले त्याला तो मार्ग पूर्वीइतका खुला राहत नाही. वस्तरा फिरला की मागची रेघ दिसते, ठिपके दिसतात, कपाळावरचे खळगे दिसतात. शस्त्रक्रियेपूर्वी कोणी ही गोष्ट सांगत नाही, आणि खरे पाहता तीच सर्वांत आधी सांगावयास हवी. तरीही हा मार्ग अगदी बंद होत नाही. पुढची ओळ काढून, मागे गोंदून, केस वस्तऱ्याने न काढता दोनतीन मिलिमीटर ठेवले तर कित्येकांचे डोके सहज चालून जाते. आणि ज्यांना तेही साधत नाही त्यांच्यासाठी चांगल्या बनावटीचा टोप आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आपल्या रंगभूमीने टोप घालूनच पिढ्या गाजविल्या आहेत.

आता त्या अटीकडे परत येऊ. हिशेब असा आहे. एका माणसाच्या तरव्यातून आयुष्यभरात, मागचा भाग उघडा न पडता, साधारणपणे पाचसहा हजार ग्राफ्ट निघू शकतात. कोणाचे कमी, कोणाचे थोडे अधिक. समजा, पहिल्या वेळी तीन हजार काढले आणि त्यांतले हजार मेले. उरलेले दोन हजार चुकीच्या जागी आहेत आणि मागे शिल्लक दोनतीन हजार. एवढ्या भांडवलात दुरुस्तीही करावयाची आहे आणि पुढे वाढणाऱ्या टकलाचीही तरतूद ठेवावयाची आहे. अशा वेळी सवलतीच्या जाहिरातीला भुलून पुन्हा दोन हजार काढून घेतले, आणि तेही फसले, तर तिसऱ्या खेपेला जगातला कोणताही सर्जन काही करू शकत नाही. कारण त्याच्या हातात रोपच नसते. पैसा पुन्हा मिळविता येतो; हे भांडवल मिळविता येत नाही.

म्हणून दुरुस्तीसाठी जाताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. माझ्या मागच्या भागात किती ग्राफ्ट शिल्लक आहेत ते मोजून सांगाल काय ? सुई कोण चालवणार, स्वतः डॉक्टर की त्यांचे मदतनीस ? केवळ रोपणाची नव्हे, तर दुरुस्तीची आपण केलेली उदाहरणे, वर्षानंतरच्या छायाचित्रांसह, दाखवाल काय ? आणि काहीही करू नये असा सल्ला आपण कोणाला दिला आहे काय ? या शेवटच्या प्रश्नाला जो हसून ‘होय’ म्हणेल त्याच्याकडे थोडे अधिक वेळ बसावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढून सांगितले आहे, की हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या प्लास्टिक सर्जनने किंवा त्वचारोगतज्ज्ञाने करावयाचे आहे. एखाद्या कार्यशाळेत बसून किंवा चित्रफिती पाहून मिळविलेले ज्ञान त्याला पुरत नाही. स्वस्त पडते म्हणून इस्तंबूलपर्यंत जाणारेही आता पुष्कळ आहेत. तेथे उत्तम सर्जन आहेत तसेच नुसते कारखानेही आहेत, आणि बिघडले तर दाद मागावयाला समुद्र ओलांडावा लागतो.

दाद मागण्याचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते. मुदत दोन वर्षांची. आपले उपचाराचे कागद मागितल्यावर ते बहात्तर तासांत द्यावेत, असा डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनी निर्बंध आहे. किती ग्राफ्ट काढले, कोणत्या रीतीने काढले, किती लावले, हे त्या कागदांत असावयास हवे. न्यायालयासाठी नसले तरी दुरुस्ती करणाऱ्या डॉक्टरला त्यांचा मोठा उपयोग होतो. मात्र मनाजोगे न होणे आणि हयगय होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही प्रामाणिकपणे मनाशी धरावे.

तो तरुण त्या दिवशी आमच्यावर थोडा रागावूनच गेला. सात महिने थांबा, एवढेच आम्ही त्याला सांगितले होते. तथापि तो थांबला. तेवढ्यात मागचा विरळपणा निम्म्याने भरून आला. लोकरी टोपीची जागा सुती टोपीने घेतली. पुढे दोन बैठकींत पुढच्या दोन ओळी काढल्या, त्यांतले जे ग्राफ्ट जिवंत निघाले ते मागे टाळूच्या कडेला लावले, आणि ओळ चार बोटांवर नेऊन तिच्या पुढ्यात एकेक केस विखरून लावला. मागे शिल्लक राहिले त्यांतून एकही जादा ग्राफ्ट काढला नाही. ते त्याच्या चाळिशीसाठी ठेवले आहेत. कपाळावर चारसहा फिकट ठिपके आहेत. जवळ जाऊन उजेडात पाहिले तर दिसतात. पूर्वी होता तसा तो झालेला नाही, आणि हे त्याला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यावयाला तो आला होता. डोके उघडे होते. बोलता बोलता त्याने आम्हांला विचारले, “डॉक्टर, माझा धाकटा भाऊ तेविसाचा आहे, त्याचेही केस जाऊ लागलेत, त्याला काय सांगू?” आम्ही म्हटले, तुमच्या डोक्यावरचे ते ठिपके त्याला जवळून दाखवा, आणि मग त्याचे त्याला ठरवू द्या.